टपावरची डिश

आमच्या आतोबांना टीव्हीचा मनापासून कंटाळा. घरात टीव्ही लागला की ते उठून गॅलरीत जायचे आणि खालून जाणाऱ्या गाड्यांचे टायर बघत बसायचे. कुणाचा टायर घासलाय, कुणाच्या चाकात हवा कमी आहे, हे त्यांना वरून दिसायचं आणि त्याचा मनस्ताप त्यांनाच व्हायचा. अशा माणसाने निवृत्तीनंतर घेतलेल्या घरगाडीच्या टपावर टीव्हीची डिश बसवायला घेतली, तीही आपली दुपारची झोप मोडून, तेव्हा मला चैन पडेना. मला लोकांच्या घरातलं उकरून काढायची खोड आहे. मी औषधांच्या दुकानात काम करते. चिठ्ठी बघून माणसाला काय झालंय ते कळतं, पण का झालंय ते कळत नाही, आणि मला नेमकं तेच हवं असतं.

घरगाडी म्हणजे मुळात शाळेची जुनी मिनीबस. भंगारात निघालेली ती गाडी आतोबांनी उचलली, बाकं काढून मागे तीन बर्थ टाकले, मधे घडीचं टेबल केलं, दाराशी गॅसची शेगडी आणि हात धुण्यापुरतं बेसिन बसवलं. बेसिनचं पाणी खाली एका कॅनमध्ये जमायचं आणि तो कॅन भरत आला की वास आधी माझ्या बर्थपाशी यायचा. छोटा टीव्ही ड्रायव्हरच्या सीटमागे पट्ट्याने आवळून ठेवला होता. पडदे आत्याने शिवले होते. ते खिडकीपेक्षा वीतभर मोठे झाले, पण तिला ते कुणी सांगितलं नाही.

आतोबा जन्मभर लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर आणि आत्या त्याच बसवर कंडक्टर. त्यांचं लग्न डेपोच्या कँटीनमध्ये ठरलं. आत्या अजूनही कुठल्याही खोलीत शिरली की आधी माणसं मोजते, आणि चिडली की नवऱ्याला ‘ड्रायव्हर’ अशी हाक मारते. हाक अर्थातच वाया जायची, कारण आतोबांचे कान इंजिनाशेजारी बसून बसून केव्हाच गेले होते.

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त आतोबांना मान्य नव्हती. समोरचा बोलायचा थांबला की ते मान हलवून ‘बरोबर आहे’ म्हणायचे. दुकानदार विचारायचा पिशवी आणलीय की देऊ, आतोबा म्हणायचे बरोबर आहे. चार लोक हसले की अर्धा क्षण उशिरा तेही हसायचे. एकदा एका सहकाऱ्याच्या घरी भेटायला गेले असताना त्याची बायको रडत रडत सांगत होती की हे असे अचानक कसे गेले, आणि आतोबांनी मनापासून मान हलवून तिला सांगितलं की बरोबर आहे. आत्याने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. तरी घरी येऊन त्यांचं म्हणणं एकच, ती बाई फार हळू बोलत होती.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण ताई, हिने या सगळ्याचा काहीतरी निकाल लावायचं ठरवलं. नोकरी सांभाळून ती हातांची भाषा शिकली. बहिऱ्या माणसांशी हातांनी कसं बोलायचं याचा रीतसर अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि एका रविवारी जेवताना म्हणाली की बाबा, मी हे तुमच्यासाठी शिकले, तुम्हालाही शिकवते. नेमकं तेवढं वाक्य आतोबांना नीट ऐकू आलं. त्यांनी ताट सरकवलं, मला काय धाड भरलीय असं विचारलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. तेव्हापासून दोन वर्षं बापलेकीचं बोलणं गॅसचा सिलिंडर आला का आणि विजेचं बिल भरलं का, एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. ताई दुसऱ्या शहरात राहायला गेली. तिला वाईट वाटलं होतं आणि आतोबांनाही वाटलं होतं, पण दोघेही एका मुशीतले, त्यामुळे माघार कोण घेणार?

मग ताईला टीव्हीवर काम मिळालं. एका नव्या वाहिनीवर सकाळच्या बातम्या सांगताना पडद्याच्या कोपऱ्यात जो चौकोन असतो, त्यात उभं राहून ती हातांनी बातम्या सांगणार होती. ही वाहिनी फक्त डिशवर दिसायची, आणि फोनवर टीव्ही बघायचे दिवस अजून यायचे होते. आत्याने पहिल्या दिवसाची वार्ता बिल्डिंगभर पसरवली. शेजारणींनी खुर्च्या कुणी आणायच्या तेही ठरवून टाकलं. आणि त्याच आठवड्यात आतोबांनी जाहीर केलं की घरगाडी तयार आहे, आपण त्या दिवसाच्या आधीच निघायचं, तळ्याकाठी पावती फाडून गाड्या मुक्कामाला लावू देतात त्या मैदानावर राहायचं.

आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने एकच अट घातली. गाडीत त्या बातम्या दिसणार असतील तर ती येईल, नाहीतर ड्रायव्हरने एकट्याने जावं. आतोबा बरोबर आहे म्हणाले. आम्हाला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही. पण दुसऱ्या दिवशी ते डिश घेऊन आले.

मला कळेना की या माणसाला पळायचंय की बघायचंय. बघायचं असेल तर घरी बसून बघा, पळायचं असेल तर डिश कशाला डोक्यावर घेता? मी आत्याला खोदून विचारलं. ती म्हणाली, घरी त्या दिवशी सगळी बिल्डिंग एका डोळ्याने टीव्ही बघेल आणि दुसऱ्या डोळ्याने यांच्याकडे, ते यांना सोसणार नाही. मला ते पटलं, पण अर्धंच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ताईचा मला फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, “बाबा बघतील का गं?” मी म्हटलं बघतील, मी बघायला लावते. एवढ्यासाठी तिने सकाळपासून कुणाकुणाला फोन केले असतील कोण जाणे. मी तर शब्द देऊन बसले होते आणि डिशमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

मला बरोबर घेतलं होतं ते मात्र त्यातलं कळतं म्हणूनच. पूर्वी एकदा आत्याचा मिक्सर चालेना, मी प्लगची सैल पिन दाबून बसवली आणि तो सुरू झाला. तेवढ्यावर आमच्या सगळ्या नात्यात वायरीचं काही निघालं की माझं नाव निघतं.

डिश बसवून द्यायला दुकानातला माणूस घरी आला होता. अंगणात उभ्या गाडीच्या टपावर त्याने खांब पक्का केला, डिश वरखाली, डावीउजवी करून चित्र आणून दाखवलं. उपग्रह तिकडे आहे असं म्हणून त्याने फाटकाच्या दिशेने बोट दाखवलं. शिवाय एक छोटं मीटर दिलं. डिश बरोबर दिशेला आली की ते शिट्टी वाजवतं आणि जितकी बरोबर तितकी शिट्टी मोठी. तो गेल्यावर आतोबांनी लाल रंगाचा डबा काढला आणि डिशच्या पकडीवर एक आणि खांबावर एक अशा दोन रेघा मारल्या. प्रवासात डिश मिटून ठेवायची, मुक्कामाला उघडून दोन रेघा जुळवल्या की झालं, असं त्यांनी मला समजावलं. मलाही ते फार हुशारीचं वाटलं.

पहिला मुक्काम त्यांनी सवयीने दाट झाडाखाली केला. ड्रायव्हर गाडी उन्हात लावत नाही, हा त्यांचा धर्म. रेघा जुळवल्या, टीव्ही लावला, काळा पडदा. पानांमुळे असेल म्हणून आम्ही वर बघितलं तर खरोखरच आभाळाचा तुकडा दिसत नव्हता. ठीक आहे म्हणालो. बातम्यांना अजून अवकाश होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळ्याकाठच्या मैदानावर पोचलो, तेव्हा आतोबांनी मन घट्ट करून गाडी उघड्यावर घेतली. आत फरशीवर पाण्याचा पेला ठेवून गाडी कुठे कलली नाही ना ते पाहिलं, एका चाकाखाली फळी सारली, टपावर चढून रेघा जुळवल्या. पुन्हा काळा पडदा. केबल काढून लावली, बॉक्स बंद करून सुरू केला, मी सगळ्या पिना दाबल्या. आत्याने झोपताना पिशवी भरून उशाशी घेतली. मैदानाच्या फाटकावरून सकाळी घराकडे जाणारी बस होती आणि आत्याला बसच्या वेळा विचाराव्या लागत नाहीत.

सकाळी मी डोळे उघडले तर ऊन तोंडावर. उठून बसले आणि डोक्यात काहीतरी लुकलुकलं. घरी अंगणात गाडी उभी असताना सकाळचं ऊन मागच्या काचेतून यायचं. इथे ते पुढून, ड्रायव्हरच्या काचेतून येत होतं. म्हणजे गाडीचं तोंड उलटं झालं होतं. आणि गाडीबरोबर डिशचंही.

हे आतोबांना सांगायला मला वही घेऊन चित्र काढावं लागलं. आतोबांच्या जगात पूर्व-पश्चिम नव्हतीच. ड्रायव्हर साइड होती आणि कंडक्टर साइड होती, पुढचं होतं आणि मागचं होतं, सगळं गाडीच्या तोंडावरून ठरायचं. एवढी वर्षं त्यांनी गावं, नद्या, डोंगर असेच ओळखले होते. तो उपग्रहही त्यांच्या मते कायम कंडक्टर साइडला होता. त्यांनी चित्राकडे बघितलं. मग टपाकडे बघितलं.

“म्हणजे तो आपल्याबरोबर येत नाही?”

मी मान हलवली. ते आधी ओशाळले, मग हसले, आणि हसता हसता एकदम गंभीर होऊन शिडीकडे गेले. आत्याची बस तासाभरात होती आणि बातम्या त्यानंतर लगेच.

आता डिश अंदाजाने फिरवून शोधायची होती. आतोबांनी चपला खाली काढल्या, कारण चपलांनी टपाचा रंग खरवडतो. अनवाणी वर चढले, मीटर केबलला जोडलं आणि डिश हळूहळू वळवू लागले. मी खाली उभी. मला शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गरगरतं, आणि तसंही आपल्या टपावर ते दुसऱ्या कुणाला येऊ देत नाहीत. थोड्या वेळाने मीटर किंचाळलं. शेजारच्या गाडीतली बाई बाहेर आली इतकं मोठ्याने. आतून आत्या ओरडली, आलं, आलं. मीही ओरडले. आतोबा मात्र डिशकडे एकटक बघत ती पुढे फिरवतच राहिले. शिट्टी बारीक होत गेली आणि थांबली. आतून आत्या म्हणाली, गेलं.

असं तीनदा झालं. त्यांची आमच्याकडे पाठ होती. मी हात हलवून थकले, घसा बसला. चौथ्यांदा त्यांनी मीटर कानाशी धरलं, हलवलं, आणि खाली बघून मला म्हणाले की हा माल भिकार आहे, वाजतच नाही. त्या वेळी ते वाजत होतं. माझ्या तोंडावर ते आलं होतं, की आतोबा, मीटर ठीक आहे. पण त्यांचा चेहरा बघून मला ते म्हणवेना. कपाळावर घाम, हातात ते किंचाळणारं यंत्र, आणि डोळ्यांत भीती. खरंच भीती. तेव्हा माझं उरलेलं अर्धं कोडं सुटलं. या माणसाला मुलीला बघायचं होतं. फक्त त्याच्यासाठी जे कबूल करावं लागतं, ते करायचं नव्हतं.

आत्या दारात आली. हातात भरलेली पिशवी होती. फाटकाशी बस येऊन उभी राहिलेली दिसत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं. पिशवी पायरीवर ठेवली आणि ती आत गेली. मला वाटलं पाणी प्यायला गेली असेल. पण तिने आमटीचा मोठा डाव उचलला आणि त्याच्या दांड्याने आतून टपाच्या पत्र्यावर दोन ठोके दिले.

टपावर आतोबा ताठ झाले.

बसमध्ये दोन घंटा म्हणजे चला आणि एक घंटा म्हणजे थांबा. दोरी तुटलेली असली, गर्दीत हात पोचत नसला, की आत्या छताच्या पत्र्यावर मुठीने ठोकायची. ते कुणी कुणाला शिकवावं लागत नव्हतं. आतोबांना ठोके ऐकू आले असतील असं मला वाटत नाही. अनवाणी तळव्यांना पत्रा हादरलेला कळला असेल. ते काही न विचारता डिश फिरवू लागले. आत आत्या टीव्हीकडे डोळे लावून उभी, डाव वर धरलेला. ठक ठक, चला. ठक ठक. आता त्यांचा हात घाई करत नव्हता. मीटर किंचाळायला लागलं. मग एकच ठोका पडला, असा की पेल्यातलं पाणी सांडलं.

आतोबांचा हात होता तिथे थांबला. त्यांनी नट आवळला.

खाली उतरल्यावर तळपाय भाजलेत हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. फाटकावरची बस निघून गेली आणि तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. आम्ही तिघं त्या एवढ्याशा टीव्हीसमोर गुडघ्याला गुडघे लावून बसलो. बातम्या सुरू झाल्या होत्या. निवेदक मधोमध मोठा, आणि खाली कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या चौकोनात, आमची ताई. गडद रंगाचा साधा ड्रेस, केस घट्ट मागे बांधलेले, आणि हात असे चाललेले की मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघतेय असं वाटलं.

आत्याने हात लांब करून आवाज पूर्ण बंद केला.

आता तिघांनाही सारखंच ऐकू येत नव्हतं. मला काही म्हणजे काही कळेना. हात उघडत होते, मिटत होते, भुवया वर जात होत्या, ओठ हलत होते. निवेदकाचं तोंड बघून बातमी ओळखायचा प्रयत्न केला, तेही जमेना. किती चिडचिड होते ते मला त्या दहा मिनिटांत समजलं. आतोबा पुढे वाकून, नाक काचेला लागेल इतके जवळ. मधेच मान हलवत नव्हते, बरोबर आहे म्हणत नव्हते.

मग एक बातमी आली. ताईने डावा हात आडवा धरला, उजव्या हाताचा तळवा त्याच्या कडेने वळवत वर नेला, एक वळण, दुसरं वळण, आणि तिसऱ्या वळणाला तळवा असा थोडा बाहेर कलवून अडकवला. आतोबा रोज रात्री जेवताना ड्यूटीवरचे किस्से सांगायचे, तेव्हा रस्ता असाच दाखवायचे. वरणभाताच्या ताटाशेजारी, डाव्या हाताचा डोंगर आणि उजव्या हाताची बस. ताई लहानपणी त्या हातांकडे बघत जेवायची, भरवणाऱ्याकडे कधी बघायची नाही.

“घाट बंद आहे,” आतोबा म्हणाले. “दरड आलीय. वरच्या वळणाला.”

काही क्षणांनी पडद्यावर खाली अक्षरं सरकत आली. दरड कोसळल्याने घाटरस्ता बंद. आत्याने पदर तोंडाला लावला. आतोबा अक्षरांकडे बघतच नव्हते. त्यांचा स्वतःचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला होता आणि हवेत तेच वळण घेत होता.

बातम्या संपल्या. जाहिराती लागल्या तरी ते उठेनात. मग उठले ते चपला न घालताच मैदानाच्या ऑफिसकडे चालू लागले. तिथे एक फोन होता. आम्ही दोघी मागे. आत्याने ताईचा नंबर फिरवला. फोनवर आतोबांची एक ठरलेली पद्धत होती. पलीकडून काय येतंय याची वाट न बघता आपलं बोलून टाकायचं, बरं बरं म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. त्यांनी फोन हातात घेतला, कानाशी नेला, आणि तसाच परत आत्याला दिला.

“तू बोल. तिला सांग, घाट मला कळला, बाकीचं काही कळलं नाही,” ते म्हणाले. “तिला सांग, मला ऐकू येत नाही. म्हणावं, घरी ये आणि शिकव.”

आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळत नसल्यामुळे हे सगळं त्यांनी भरधाव बसमध्ये सांगावं तसं सांगितलं. आत्याला फोनवर वेगळं काही सांगायची गरज पडली नाही. पलीकडून ताईचं रडू मला दोन हातांवरून ऐकू येत होतं. टेबलामागे पावत्या फाडत बसलेला ऑफिसातला माणूस दचकून वर बघायला लागला आणि त्याने काहीतरी विचारलं.

आतोबा त्याच्याकडे वळले आणि त्यांनी त्यालाही सांगितलं, की मला ऐकू येत नाही.